गोव्यात घोडा पाळताना: वैरण, चंदी, मीठ आणि पाणी

गोव्यात घोडा पाळणाऱ्याला पहिली अडचण येते ती सल्ल्याची. आसपासचे जाणकार असतात ते गाईम्हशींचे, दुकानात मिळते ते गुरांचे खाद्य, आणि बांधावर उगवतो तो गुरांचा चारा. विजयनगरच्या काळात अरबस्तान आणि इराणचे घोडे गलबतांतून इथल्या बंदरांत उतरत, आणि १५१० मध्ये गोवा घेतल्यावर हा व्यापार पोर्तुगीजांनी आपल्या मुठीत ठेवला. पण ते घोडे इथे फारसे थांबत नसत, घाट चढून दख्खनच्या कोरड्या मुलखात जात. गावाच्या वाट्याला घोडा आला तो बहुतकरून शिगम्यातल्या घोडेमोडणी नाचाचा, लाकडी तोंडाचा. त्यामुळे पेंढा कसा रचावा, गाभण जनावराला काय घालावे, याचे पिढ्यान् पिढ्यांचे शहाणपण आपल्याकडे आहे, पण ते गोठ्यातले आहे. ते जसेच्या तसे तबेल्यात वापरले की घोडा आजारी पडतो. पुढची सगळी मांडणी ही एक गोष्ट ध्यानात ठेवून केली आहे.

गाय आणि घोडा यांच्या पोटातला फरक

गाय चारा आधी पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात साठवते, तिथले जिवाणू तो कुजवतात, त्यातली काही विषारी द्रव्येही मोडून टाकतात, आणि मग अन्न पुढे सरकते. घोड्यात क्रम उलटा आहे. त्याचे जठर लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे. तिथून अन्न लहान आतड्यात जाते आणि तंतुमय चारा कुजवणारे जिवाणू असतात ते शेवटी, मोठ्या आतड्यात. म्हणजे जे काही अपायकारक आहे ते जिवाणूंच्या हाती लागण्याआधीच अंगात शोषले जाते. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही, आणि त्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र पाझरत असते, पोट रिकामे असले तरी. मोकळा घोडा दिवसाचे १४ ते १६ तास थोडेथोडे चरत असतो. त्याची पचनसंस्था त्याच चालीसाठी घडलेली आहे. दोन वेळा भरपेट खायला घालून मध्ये आठ-दहा तास उपाशी बांधून ठेवणे हे घोड्याच्या जठराला व्रण पाडण्याचे हमखास साधन आहे.

पहिली पायरी: वजन काढणे

आहाराचा प्रत्येक आकडा वजनावरून निघतो, आणि घोड्याचे वजन अंदाजाने सांगणारा माणूस बहुधा चुकतो. तबेल्यात वजनकाटा नसतो म्हणून शिंप्याची टेप घ्यावी. मानेच्या मुळाशी पाठीवर जो उंचवटा असतो त्याच्या मागून, पुढच्या पायांच्या लगेच पाठीमागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,९०० केले की किलोग्रॅममध्ये वजन मिळते. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर उत्तर सुमारे ३२० किलो येते. पुढच्या उदाहरणांत मी हाच घोडा धरला आहे, कारण आपल्याकडे दिसणारी देशी घोडी साधारण याच आकाराची असतात.

वजनाबरोबर अंगही पाहावे. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की लगेच बोटांना लागाव्यात. मानेच्या वरच्या कडेवर आणि शेपटीच्या मुळाशी चरबीची घट्ट वळी जमली असेल तर घोडा अंगाने जड झाला आहे असे समजावे. दर महिन्याला, त्याच टेपने माप घेऊन वहीत लिहावे. शक्य तर माणूसही बदलू नये, कारण टेप किती घट्ट ओढायची हे हात बदलला की बदलते.

दुसरी पायरी: वैरण ठरवणे

घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण लागते, म्हणजे पाणी वजा केल्यावर उरणारा चारा. दीड टक्क्याच्या खाली जाऊ नये, घोडा जाड असला तरीही. आपल्या ३२० किलोच्या घोड्याला दोन टक्क्यांनी ६.४ किलो कोरडा भाग हवा. वाळक्या गवतात नव्वद टक्के कोरडा भाग असतो आणि ताज्या हिरव्या चाऱ्यात जेमतेम वीस. त्यामुळे ४ किलो वाळके गवत आणि १४ किलो हिरवा चारा मिळून हा हिशेब बरोबर जमतो. हिरव्या चाऱ्याचा भारा दिसायला मोठा असतो, पण त्यात पाणीच जास्त असते. निव्वळ हिरव्यावर ठेवायचे तर दिवसाला ३२ किलो कापून आणावे लागेल.

गोव्यात सहज मिळते ती वैरण म्हणजे भाताचा पेंढा. तो गाईला चालतो. घोड्याला मुख्य वैरण म्हणून तो देऊ नये. त्यात प्रथिने तीन-चार टक्केच, वाळूसारखी सिलिका भरपूर, आणि काड्या चिवट असल्यामुळे कमी पाणी पिणाऱ्या घोड्याच्या आतड्यात त्याचा बोळा अडकतो. फार तर एकूण वैरणीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत, चावायला काहीतरी हवे म्हणून, तो चालवून घ्यावा. त्यातही वायंगणी, म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या, भाताचा पेंढा निवडावा, कारण तो उन्हाळ्याच्या तोंडावर कडक उन्हात वाळलेला असतो. सरदीचा, म्हणजे पावसाळी पिकाचा, पेंढा ऑक्टोबरच्या उशिराच्या सरींत पुष्कळदा भिजतो आणि आतून काळा पडतो.

मुख्य वैरण म्हणून फुलोऱ्यावर येण्याआधी कापून वाळवलेले डोंगरगवत उत्तम. पाऊस संपल्यावर माळरानावर उभे राहून पिवळे पडलेले गवत दिसायला तेच असते, पण त्यातला कस निघून गेलेला असतो. घाटावरून येणारा ज्वारीचा वाळका कडबा कुट्टी करून थोडा देता येतो. हिरवी ज्वारी मात्र घोड्याला घालू नये: कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या ताटांत सायनाइडसारखे विष तयार होते, आणि घोड्याच्या मूत्राशयावर व मागच्या पायांवर तिचा वेगळाच वाईट परिणाम होतो.

तिसरी पायरी: कॅल्शियमचा हिशेब

या पायरीवर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण इथे माझ्याकडून चूक झाली आणि ती एका मुक्या जिवाने भोगली.

डिचोली तालुक्यात आमच्या घरी घोडी आली त्या पहिल्या पावसाळ्यात कुंपणाच्या कडेने लावलेले हायब्रीड नेपियर गवत छातीएवढे वाढले होते. शेजारच्या गाई त्यावर गुबगुबीत झाल्या होत्या, म्हणून घोडीलाही तेच घातले, आणि ती कंटाळल्यासारखी वाटली की वर गव्हाचा भुसा, म्हणजे कोंडा, ओला करून दिला. भुसा तिला फार आवडे. घमेल्याचा आवाज आला की खिंकाळायची. चतुर्थी होऊन गेली आणि ती चालताना आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडू लागली. टापेत खिळा नव्हता, गाठ नव्हती, सूज नव्हती. पशुवैद्यांनी टापा पाहिल्या, मग तिच्या गालाच्या हाडावरून अंगठा फिरवला आणि पहिलाच प्रश्न विचारला तो खाण्याबद्दल.

कारण असे आहे. नेपियर, पॅरा, गिनी अशा उष्ण प्रदेशातल्या अनेक गवतांत ऑक्झलेट असते, आणि ते गवतातल्या कॅल्शियमला धरून ठेवते. गाईच्या पोटातले जिवाणू हे ऑक्झलेट आधीच मोडतात. घोड्यात मात्र ते कॅल्शियम तसेच बांधलेले लिदीवाटे निघून जाते. त्यात गव्हाच्या किंवा तांदळाच्या कोंड्याची भर पडली की संकट दुप्पट होते. घोड्याच्या आहारात फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम असायला हवे, आणि गव्हाच्या भुशात याच्या उलट, कॅल्शियम फॉस्फरसच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके असते. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर मग हाडांतले कॅल्शियम काढू लागते. आधी असे फिरते लंगडणे येते, पुढे जबड्याची आणि चेहऱ्याची हाडे फुगून मऊ पडतात, आणि तिथवर गेलेला घोडा पूर्वीसारखा क्वचितच होतो. आमची घोडी वेळेत सापडली.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकत्र करावेत. नेपियर हा एकमेव हिरवा चारा ठेवू नये. तो निम्म्याहून कमी करून बाकी स्थानिक बारीक गवत घालावे. कोंडा रोजच्या आहारातून काढून टाकावा. आणि कॅल्शियम बाहेरून पुरवावे: रोज एक ते दीड किलो वाळका लसूणघास (अल्फाल्फा) हा सर्वांत चांगला मार्ग, कारण त्याच्या एका किलोत साधारण १२ ते १५ ग्रॅम कॅल्शियम असते, आणि ३२० किलोच्या घोड्याची दिवसाची मूळ गरज जवळजवळ तेवढीच आहे. तेवढ्या वजनाची दुसरी वैरण अर्थात कमी करावी. लसूणघास आपल्या दमट हवेत नीट टिकत नाही, तो घाटावरून वाळका आणावा लागतो. तो नसेल तेव्हा खाद्याच्या प्रतीची कॅल्शियम कार्बोनेटची पूड दिली जाते. ३० ते ४० ग्रॅममध्ये तेवढेच कॅल्शियम मिळते, पण मात्रा पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावी. भिंतीला लावायचा चुना हा त्याचा पर्याय नाही, तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो.

चौथी पायरी: चंदी

चंदी म्हणजे धान्य हे वैरणीनंतर येते. दिवसातून तासभर चालवला जाणारा, अंगाने बरा असलेला घोडा चांगल्या वैरणीवर, मिठावर आणि थोड्या खनिज मिश्रणावर ठीक राहतो. त्याला धान्याची गरज नसते. रोज दोन तास दुडक्या चालीचे काम असेल तर आपल्या उदाहरणातल्या घोड्याला दीड ते दोन किलो चंदी पुरते, आणि ती दोन किंवा तीन वेळांत वाटून द्यावी. एका वेळी एक किलोच्या वर जाऊ नये. जास्त पिष्ट एकदम आले की ते लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथे आम्ल वाढते, आणि पोटशूळ किंवा टापांची दाहक सूज हा त्याचा शेवट असतो.

धान्यांत ओट सर्वांत सुरक्षित, ते अख्खे दिले तरी चालते. जव भरडून द्यावे. हरभरा आपल्या परंपरेतला. त्यात सुमारे वीस टक्के प्रथिने असतात, म्हणून तो पूर्ण चंदी न करता मूठ-दोन मुठी, रात्रभर भिजवून द्यावा. कुळीथ शिजवल्याशिवाय देऊ नये, कच्च्या कुळथातली काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. मका दिलाच तर ताजा, कोरडा आणि भरडलेला द्यावा, आणि डब्याच्या मापाने कधीच देऊ नये. एक डबा ओट आणि एक डबा मका यांत मक्याचा डबा जवळजवळ दुप्पट शक्ती देतो. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, बदलला, डबा तोच राहिला आणि धान्य बदलले, की घोडा एका रात्रीत आजारी पडतो. पाचशे रुपयांचा लटकता ताणकाटा घ्यावा आणि तबेल्याच्या दारालाच टांगावा.

गोव्याला एक चांगली गोष्ट जवळ उपलब्ध आहे: खोबऱ्याची पेंड. तिच्यात पिष्ट कमी, प्रथिने वीस टक्क्यांच्या आसपास आणि थोडे तेल असते, त्यामुळे घामाच्या दिवसांत अंग न तापवता ती शक्ती देते. घाण्यावरून ताजी आणावी, वास घ्यावा, खवट असेल तर परत करावी, आणि अर्धा किलोपासून सुरुवात करून नेहमी पाण्यात भिजवून द्यावी. बारीक झालेल्या घोड्याला रोज ५० मिलीलिटर खाद्यतेलापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत दीडशेपर्यंत नेता येते.

पाचवी पायरी: मीठ आणि पाणी

घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट असतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत तो उभ्या जागी गळतो. वैरणीत सोडियम फारसे नसते. साधे मीठ, उदाहरणार्थ आपल्या मिठागरांतले, बारीक कुटून दिवसाला सुमारे ३० ग्रॅम, आणि खूप घाम आल्याच्या दिवशी ५० ते ६० ग्रॅम, ओल्या चंदीत मिसळून द्यावे. चाटण्याची वीट ठेवायला हरकत नाही, पण घोड्याची जीभ गाईइतकी खरखरीत नसते आणि घाम आलेल्या घोड्याला तेवढ्याने पुरत नाही. गुरांसाठीच्या युरियायुक्त विटा मात्र लावू नयेत.

पाणी कामाशिवायच्या दिवशी २० ते २५ लिटर, उन्हाळ्यात कामाच्या दिवशी ४० लिटरच्या पुढे. घंगाळ रोज घासावे. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मे महिन्यात मचूळ होते; घोडा पाणी टाकू लागला तर आधी आपण चाखून पाहावे. तापून आलेल्या घोड्याला पाणी तोडू नये. चालवत चालवत थोडेथोडे, पण लगेच द्यावे.

सहावी पायरी: पावसाळ्याची साठवण

जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात वाळके गवत तयार करणे अशक्य आहे, म्हणून मेअखेर साठा घरात हवा. रोज ४ किलो धरले तर चार महिन्यांना ४८० किलो, आणि नासधूस धरून साडेपाचशे किलो. साठा जमिनीवर न ठेवता वीतभर उंच फळ्यांवर रचावा, भिंतीपासून हातभर दूर, आणि प्लॅस्टिकची ताडपत्री त्याला चिकटवून गुंडाळू नये. आतली वाफ बाहेर जाऊ शकली नाही की आठवड्याभरात बुरशी धरते. छपरातून हवा खेळती राहायला हवी.

दर चार-पाच दिवसांनी भाऱ्याच्या मधोमध हात कोपरापर्यंत घालून पाहावा. कोमट लागले तर तो भारा तत्काळ सोडून पसरावा. झटकल्यावर पांढरी-करडी पूड उडत असेल, कुबट वास येत असेल, तर तो अंथरायलाही वापरू नये. गाय थोडा बुरसा सोसते. घोड्याला त्याने खोकला, धाप आणि यकृताचे आजार होतात. नुसती धूळ असलेले पण बुरशी नसलेले गवत पंधरा-वीस मिनिटे पाण्यात बुडवून ओलेच द्यावे. धुतल्याने बुरशी जात नाही, हे तबेल्यातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. मका आणि भुईमुगाची पेंड पावसाळ्यात साठवूच नये, त्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तयार होते.

सातवी पायरी: दिवसाची वाटणी

पहाटे साडेपाचला पाणी बदलून एक भाग वाळके गवत. सातला चंदीचा पहिला भाग, तोही गवत खाऊन झाल्यावर. कामावर नेणार असाल तर चंदी आणि काम यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. गवताचे दोन घास कामाआधी असले तर चांगलेच, जठरातले आम्ल उसळत नाही. दुपारी हिरवा चारा, शक्य तर बारीक जाळीच्या पिशवीतून, म्हणजे तो सावकाश संपतो. संध्याकाळी चंदीचा दुसरा भाग, आणि रात्री दहाला सगळ्यांत मोठा गवताचा भाग. रात्रीचा हा भाग विसरला जातो, आणि सकाळचे पोटदुखीचे प्रकार पुष्कळदा त्यातूनच येतात.

कोणताही बदल, वैरणीचा असो वा चंदीचा, दहा ते चौदा दिवसांत करावा: आधी चौथा हिस्सा नवा, मग निम्मा, मग पाऊण. आतड्यातले जिवाणू नव्या अन्नाला सावकाश सरावतात. मृगाच्या पावसानंतर उगवणाऱ्या लुसलुशीत गवतावर घोडा पहिल्या दिवशी अर्धा तासच सोडावा.

वाळूची गोष्ट वेगळी सांगायला हवी. किनारपट्टीवर, नदीच्या वाळवंटात किंवा रेताड अंगणात वैरण जमिनीवर टाकली की घोडा तिच्याबरोबर वाळू गिळतो आणि ती मोठ्या आतड्यात साचते. लिदीचे पाच-सहा गोळे काचेच्या बरणीत पाण्यात कालवून पंधरा मिनिटे स्थिर ठेवावेत. तळाशी वाळूचा थर दिसला तर गव्हाण उंच करावी, खाली रबरी चटई घालावी, आणि इसबगोल किती दिवस, किती द्यावे हे पशुवैद्यांना विचारावे.

काय देऊ नये

कोंबडीखाद्य आणि त्याच गिरणीत दळलेले गुरांचे खाद्य यांत मोनेन्सिन नावाचे औषध असू शकते. कोंबडीला ते उपयोगी, गाईला सोसवते, घोड्याचे मात्र अगदी थोड्या मात्रेने हृदय निकामी होते. म्हणून असे खाद्य तबेल्याच्या खोलीतही ठेवू नये. कुंपणाला असलेली कण्हेर काढून टाकावी. तिची मूठभर पाने घोड्याचा जीव घेतात. सुबाभळीचा पाला शेळ्या आवडीने खातात, घोड्याची मात्र त्याने आयाळ आणि शेपटी गळते. घाणेरी आणि एरंडही दूर ठेवावेत. काजूच्या हंगामात झाडांखाली सडा पडलेली बोंडे साखरेने भरलेली आणि अर्धवट आंबलेली असतात. त्या दिवसांत घोडा काजूच्या बागेत सोडू नये. पाहुणे प्रेमाने पाव आणतात. तोंडात त्याचा चिकट गोळा होतो आणि घशात अडकतो, तेव्हा पाहुण्यांच्या हातात गाजराचा लांब उभा तुकडा द्यावा, गोल चकती नव्हे.

गाभण घोडीला शेवटच्या तीन महिन्यांत आणि दूध पाजताना जास्त खाद्य लागते. दूध पाजणाऱ्या घोडीची गरज जवळजवळ दुप्पट होते. म्हाताऱ्या घोड्याचे दात वर्षातून दोनदा तपासून घ्यावेत. चघळून टाकलेले गवताचे बोळे गव्हाणीखाली दिसू लागले की दात टोचत आहेत असे समजावे आणि वैरण कुट्टी करून, भिजवून द्यावी.

पोट दुखू लागले तर

घोडा पुन्हा पुन्हा मान वळवून कुशीकडे पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, ओठ वर उचलतो, घाम येतो, बसतो, उठतो, लोळतो. अशा वेळी गव्हाणीतले सगळे खाद्य काढून घ्यावे, पाणी ठेवावे, आणि पशुवैद्यांना ताबडतोब फोन करावा. बांबूच्या नळकांड्यातून तोंडात तेल ओतण्याची रीत गोठ्यातून तबेल्यात आलेली आहे. ती टाळावी, कारण तेल फुप्फुसात गेले तर पोटदुखीपेक्षा मोठा आजार होतो. तेल द्यायचेच असेल तर ते पशुवैद्य नाकातून जठरात नळी घालून देतात. ते येईपर्यंत घोडा शांत उभा राहत असेल तर उभा राहू द्यावा, लोळून स्वतःला इजा करून घेत असेल तर सावकाश चालवावा.

फोनवर त्यांना चार गोष्टी लागतात: काल आणि आज काय खाल्ले, त्यात काही नवे होते का, पाणी किती प्यायला, आणि शेवटची लीद कधी पडली. यातली शेवटची गोष्ट घाईत कुणालाच आठवत नाही. म्हणून आमच्याकडे ठाणाच्या भिंतीवर काळा रंग दिलेला एक चौकोन आहे, आणि लीद उचलणारा तिथे खडूने वेळ लिहितो.